नियमावलीतला एक शब्द शोधा: 'अनरेकग्नाइज्ड'

ऑगस्टमध्ये अमेरिकेला शिकायला निघालेली मुलं बॅगेत लोणचं किती मावेल याचा जेवढा विचार करतात, त्याच्या निम्मा वेळ तरी कॉलेजच्या विद्यार्थी नियमावलीला द्यावा. अख्खी वाचायला नको. पीडीएफ उघडा, 'अनरेकग्नाइज्ड' (unrecognized, म्हणजे कॉलेजची मान्यता नसलेला विद्यार्थी गट) शोधा आणि जिथे सापडेल तो परिच्छेद दोनदा वाचा.

मान्यताप्राप्त गटाला हॉल मिळतो, निधी मिळतो, कॉलेजचं नाव लावता येतं. मान्यता गेली की हे सगळं जातं, पण गट जातोच असं नाही. फ्रॅटर्निटीवर (निवडून सभासद घेणाऱ्या मुलांच्या संघटनेवर) बंदी आली की कधीकधी तीच पोरं कॅम्पसबाहेर घर भाड्याने घेतात, नाव बदलतात आणि नवी भरती सुरू करतात. आता गटावर कॉलेजचा हात चालत नाही. मग धरायचं कुणाला? हाताशी असतो तो विद्यार्थी.

हार्वर्डने हेच केलं. तिथले जुने 'फायनल क्लब', म्हणजे निवडक विद्यार्थ्यांचे खासगी सामाजिक क्लब, फक्त पुरुषांचे. मुलींना घ्या म्हटल्यावर १९८४ मध्ये क्लबांनी कॉलेजशी काडीमोड घेतला. कॉलेजकडून येणारी, इमारती गरम ठेवणारी वाफ बंद झाली, टेलिफोनची सोय गेली. क्लबांचं काय अडलं? घरं स्वतःची, माजी सभासद गडगंज. मे २०१६ मध्ये अध्यक्ष ड्रू फाउस्ट यांनी नियम जाहीर केला: २०१७ पासून प्रवेश घेणारा जो कुणी मान्यता नसलेल्या, फक्त मुलांच्या किंवा फक्त मुलींच्या सामाजिक क्लबात जाईल, त्याला मान्यताप्राप्त गटाचं नेतृत्व नाही, खेळाच्या संघाचं कप्तानपद नाही, ऱ्होड्स-मार्शल शिष्यवृत्तीसाठी कॉलेजची शिफारस नाही.

नेम होता १७९१ पासूनच्या पोर्सेलियनसारख्या क्लबांवर, घाव बसला मुलींवर. डेल्टा गॅमा या सोरॉरिटीने (मुलींच्या फ्रॅटर्निटीने) २०१८ मध्ये आपली शाखाच बंद केली. इतर काहींनी राष्ट्रीय संघटनेचं नाव सोडून मुलामुलींचे मिश्र गट केले. पोर्सेलियन मात्र पुरुषांचाच राहिला. डिसेंबर २०१८ मध्ये हार्वर्डवर दावे दाखल झाले. मुद्दा बिनतोड होता: मुलांच्या क्लबात मुलगा गेला तर शिक्षा, तिथेच मुलगी गेली असती तर नाही, म्हणजे शिक्षा लिंगावरून ठरते. जून २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाचा बॉस्टॉक निकाल आला: समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर म्हणून नोकरीवरून काढणं हाही लिंगभेदच. त्यातला तर्क आपल्यालाही लागू होणार हे ओळखून अध्यक्ष लॉरेन्स बॅकाव यांनी त्याच महिन्यात नियम गुंडाळला.

सभासदत्वावर शिक्षा ठेवण्यात मला मोठा धोका दिसतो तो वेगळाच. तिथे हजर असणं हाच गुन्हा ठरला, तर पार्टीत कुणी बेशुद्ध पडल्यावर ९११ ला (तिथल्या आणीबाणीच्या नंबराला) फोन करायला पोरं कचरणार. त्यापेक्षा नियम कृत्यावर करा. दारू पाजली, रात्रभर जागवलं, पैसे उकळले, तर कडक शिक्षा द्या.

डिसेंबर २०२४ चा 'स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट' (हेझिंग म्हणजे आपलं रॅगिंगच, फक्त गटात घेण्यासाठी केलेलं) या दिशेने निम्मा रस्ता चालतो. हेझिंगची आकडेवारी मोजताना दोन किंवा जास्त विद्यार्थी असलेला कुठलाही गट धरायचा, मान्यता असो वा नसो. पण गटांची नावं देणाऱ्या जाहीर अहवालात फक्त मान्यताप्राप्तच. त्यामुळे एखाद्या गटाचं नाव त्या अहवालात दिसलं नाही म्हणून आईबापांनी निश्चिंत होऊ नये. कदाचित मान्यता नाही म्हणूनच ते तिथे नसेल.

गटाचं आमंत्रण आलं की आधी कॉलेजच्या वेबसाइटवरची मान्यताप्राप्त गटांची चालू सत्राची यादी बघा, गेल्या वर्षीची नको. गट फ्रॅटर्निटी असेल तर तिच्या राष्ट्रीय मुख्यालयाला ईमेल करून ही शाखा चालू आहे का ते विचारा. सनद रद्द झालेल्या शाखेला मुख्यालयाचा विमाही नसतो. आणि एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर हे आधी लक्षात ठेवा: निलंबन झालं की पूर्णवेळ नोंदणी तुटते, तिच्याबरोबर व्हिसाचा दर्जाही जातो. अमेरिकन रूममेट सहा महिने घरी बसून परत येईल. तुम्हाला देश सोडावा लागेल, आणि परतायचं तर बहुधा नवा आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) काढावा लागेल.

फी कुणाच्या तरी वैयक्तिक व्हेन्मो (पैसे पाठवायचं ॲप) खात्यावर मागितली, तर तिथेच थांबा.