रविवारी नदीवर जायचं की नाही?

वादाला तोंड फुटलं ते टी-शर्टांवरून. बाळूने हिरवे टी-शर्ट छापायला टाकले होते, छातीवर आमच्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीचं चित्र आणि पाठीवर प्रायोजकाचं नाव. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला समा भागाच्या बाजूला नदीकाठी जमायचं, दोन तास स्वच्छता, मग वृक्षारोपण, मग सगळ्यांना सेव-उसळ. दांडिया बाजारातल्या आमच्या ओट्यावर तो मापं विचारत फिरत होता. दाजींना एक्सेल लागेल की डबल एक्सेल, यावरच पाच मिनिटं गेली.

"नुसत्या गप्पा किती दिवस मारणार, काका? प्रत्यक्ष उतरायला पाहिजे," बाळू म्हणाला. हे वाक्य त्याच्या व्हॉट्सअॅपवरच्या निमंत्रणातही होतं, त्यामुळे आमच्यापैकी कुणीच मनावर घेतलं नाही.

शुभाताईंनी मात्र घेतलं. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. लारीवरचा, म्हणजे हातगाडीवरचा, चहा पीत नाहीत, पण येतात रोज.

"काठावर नक्की काय करणार तुम्ही?"

"झाडी माजलीय ना ताई, ती काढून टाकायची. प्लास्टिक उचलायचं. मग खड्डे खणून रोपं लावायची."

"मार्च चाललाय," ताई म्हणाल्या. "मगरी अंडी घालतात ते हेच दिवस. मादी काठाच्या मातीत खड्डा करते, पंचवीस-तीस अंडी घालते, वरून माती ओढते आणि तिथेच आसपास राहते. तुमची मुलं फावडी घेऊन नेमकी तिथेच जाणार."

"म्हणजे मगर चावेल म्हणून जायचं नाही?" मन्या हसला.

"चावली तर तुझं नशीब. मी अंड्यांबद्दल बोलतेय."

इथून पुढे जे झालं ते तासभर चाललं आणि लारीवाल्याने दोनदा आलं कुटलं. सगळं लिहीत नाही. बाळू आणि दाजी यांच्यात सेल्फीवरून जी खडाजंगी झाली तिच्यात नदी कुठेच नव्हती, म्हणून ती गाळतो.

मन्याची बाजू आधी सांगायला हवी, कारण आमच्यात पाणी खऱ्या अर्थाने अंगावर घेतलेला तोच. 2024 च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीच्या पावसानंतर, काळ्या घोड्याच्या पुलापाशी नदी 25 फुटांची धोक्याची खूण ओलांडून 37 फुटांवर गेली. मन्याचं घर समात, तळमजल्यावर. हॉलच्या भिंतीवर स्विचबोर्डाच्या वीतभर वर अजून तपकिरी रेघ आहे. दोनदा रंग दिला तरी ओल धरली की रेघ परत उमटते. फ्रिज, गाद्या, मुलीची दहावीची पुस्तकं, सगळं गल्लीत ढीग करून ठेवलं होतं आणि तो ढीग न्यायला गाडी यायलाही दिवस लागले. त्या आठवड्यात बडोद्यात ठिकठिकाणी घरांच्या आवारातून दोन डझनांच्या आसपास मगरी धरून नेल्या. अकोट्याकडे एक छपरावर बसलेली सगळ्या देशाने बघितली. दोन पोरांनी तर एक मगर स्कूटरवर मधे आडवी घेऊन वनखात्यात पोहोचवली. हे फक्त बडोद्यातच होऊ शकतं.

"तुमच्या अंड्यांचं ठीक आहे ताई," मन्या म्हणाला. "पण मला नदी खोल पाहिजे, रुंद पाहिजे, दोन्ही बाजूंना भिंत पाहिजे. पर्यावरण वगैरे नंतर. माझ्या घरात पाणी आलं तेव्हा एकही पर्यावरणवाला गाद्या उचलायला आला नव्हता."

या वाक्यावर क्षणभर कुणी बोललं नाही, कारण ते खरं होतं. बाळू तेव्हा पुण्यात होता. बाकीच्यांनी फोन केले होते.

दाजींना मात्र बरंच झालं. ते पाणीपुरवठ्यात नोकरी करून निवृत्त झालेत आणि साबरमतीचं नाव निघायची वाटच बघत असतात. अमदावादला बघा कसं केलंय, काँक्रीटचे काठ, फिरायला रस्ता, बोटी. आपल्याकडे नुसता नाला.

"दाजी, अमदावादच्या त्या भागात साबरमतीत जे पाणी दिसतं ते नर्मदेच्या कालव्याचं," वकील म्हणाले. "ते बंद केलं तर तुमच्या बोटी चिखलात."

"मग आपणही सोडू नर्मदा!"

"आणि पावसाळ्यात? भिंती बांधल्या की पाणी कमी होतं का? तेवढंच पाणी कमी जागेतून जोरात जातं."

गंमत अशी की पुराचं गणित आमच्यात दाजींनाच सगळ्यात जास्त कळतं, आणि डिवचलं की ते स्वतःच्या बाजूविरुद्धही बोलतात. त्यांनी चहाचा ग्लास ओट्यावर ठेवला आणि बोटाने सांडलेल्या चहाची नदी काढली. हे पावागड, इथून ती निघते. हे आजवा धरण, सयाजीराव महाराजांनी शहराच्या पाण्यासाठी बांधलेलं. आजवा भरलं की त्याच्या 62 दरवाजांवरून सुटलेलं पाणीही शेवटी हिच्यातच येतं. शहरात नदी नागमोडी, उतार नावाला. पुढे ती ढाढरला मिळते, ढाढर जाते खंभातच्या आखाताला. ढाढर तुडुंब असली की इथलं पाणी पुढे सरकायला मागत नाही, मग ते मागे पसरतं.

"आणि मागे पसरायला पूर्वी जागा होती," दाजी म्हणाले. "काठाची कोतरं, म्हणजे मातीच्या घळी. अर्धा पूर तिथेच मुरायचा. त्या कोतरांत गेली कित्येक वर्षं बांधकामाचा राबिट, राडारोडा टाकताहेत. तळी बुजवली, त्यांवर सोसायट्या झाल्या. कांस बघा, भुखी कांस, रूपारेल कांस. ते पावसाच्या पाण्याचे वाहते मार्ग होते, आता त्यांत गटार सोडलंय आणि वरून स्लॅब."

"म्हणजे मन्याच्या घरात पाणी मगरींमुळे नाही आलं," शुभाताई म्हणाल्या.

"मी कुठे म्हटलं मगरींमुळे?"

"भिंत मागतोस म्हणजे तेच. मगर काठाच्या मातीत बिळं करते. उन्हाळ्यात त्यांत शिरून गारव्याला पडते. काँक्रीटमध्ये बीळ कसं करायचं? आणि जी कोतरं, जो ओबडधोबड मातीचा काठ तिला लागतो, तोच तुझ्या पुराचं पाणी पोटात घेतो. तुझी आणि तिची गरज एकच आहे रे."

मला वाटतं त्या संध्याकाळचा मुद्दा हा होता. बाकी सगळं त्याच्या मागेपुढे. पूर अडवणं आणि नदी जपणं ही दोन टोकं आहेत असं धरून आपण भांडत बसतो. निदान विश्वामित्रीपुरतं तरी ते तसं नाही. 2025 च्या उन्हाळ्यात गाळ काढायला पोकलेन उतरले तेव्हाही शहरात दोन तट पडले होते, मगरीवाले आणि पूरवाले. डंपर राबिट ओतून कोतर बुजवतो तेव्हा मात्र नुकसान दोघांचंही होतं. तो रात्री येतो म्हणून त्याच्यावर वाद होत नाही.

बाळू एव्हाना बराच हिरमुसला होता. "म्हणजे काहीच करायचं नाही? घरी बसायचं? सामान्य माणसाने पुढे यावं म्हणता, आणि आला की त्याला माघारी पाठवता."

त्याचा राग मला पटला. शुभाताईंसारखी माहितगार माणसं कधी कधी दुसऱ्याचा उत्साह असा मोडतात की तो परत उभाच राहत नाही. पण रविवारच्या मोहिमांचंही मी बघत आलोय. दरवर्षी जलपर्णी काढतात, दरवर्षी फोटो छापून येतो, आणि दोन महिन्यांत हिरवा गालिचा परत. गटाराच्या पाण्यातलं नत्र आणि स्फुरद तिला खत म्हणून मिळत राहणार. गटार चालू ठेवून जलपर्णी काढत राहणं म्हणजे छप्पर गळतंय तिथे रोज नुसती लादी पुसणं.

"काही न करणं हेसुद्धा करणंच असतं," शुभाताई म्हणाल्या आणि सगळेच ओरडले. असली वाक्यं आमच्या ओट्यावर चालत नाहीत. मग त्यांनी उदाहरण दिलं, ते मात्र चाललं. गणपतीचं. पूर्वी आपल्याच मंडळांच्या मूर्ती सूरसागर तलावात जायच्या. प्लास्टर, रंग, निर्माल्य, सगळं पोटात. ते बंद करायचं ठरलं तेव्हा याच ओट्यावर धर्म बुडाल्याची चर्चा झाली होती, आणि दाजी त्यात पुढे होते. आज दाजी नवलखीच्या कृत्रिम तळ्याच्या रांगेत निमूट उभे राहतात.

"निमूट नाही," दाजी म्हणाले. "पार्किंगची बोंब असते तिथे."

वकिलांनी मग कागद काढला. वकील म्हणजे खरेच वकील आहेत, कोर्टात जातात. त्यांचं म्हणणं, फावड्यापेक्षा अर्ज बरा. एनजीटीचं, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाचं, पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे, गुजरात त्याच्याच कक्षेत येतं. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी 1000 रुपये. शिवाय आपल्या नदीबद्दल नवीन काही मागायचीच गरज नाही. 2021 च्या मे महिन्यात एनजीटीने विश्वामित्रीबाबत आदेश देऊन ठेवलाय, त्यात नदीची हद्द आखणं, प्रदूषण थांबवणं, झाडं लावणं, सगळं आहे. वकिलांच्या मते विचारायचं एवढंच, की आमच्या वॉर्डात हद्दीचे खांब कुठे लागले ते दाखवा.

"कोण दाखवतोय," मन्या.

"माहिती अधिकारात. गुजरातमध्ये 20 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर. आणि नुसते कागद नाही, कायद्यात कामाची जागा जाऊन बघायचाही हक्क आहे, नमुना घ्यायचाही. लोक फक्त झेरॉक्स मागतात, कारण पुढचं कुणी वाचतच नाही."

मग त्यांनी जैवविविधता कायद्याचंही सांगितलं. 2002 चा कायदा, त्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी लागते आणि लोकांच्या मदतीने नोंदवही करावी लागते. कुठे काय उगवतं, कुठे कोण घरटं करतं, कुणाला काय माहीत आहे, हे सगळं त्यात यायला हवं. 2025 च्या फेब्रुवारीतल्या मोजणीत शहराच्या पट्ट्यात 400 च्या वर मगरी भरल्या. त्या कुठल्या काठावर घरटी करतात हे त्या नोंदवहीत आहे का, एवढं जरी विचारलं तरी बाळूच्या पोरांना वर्षभराचं काम मिळेल.

"म्हणजे टी-शर्ट घालून वही लिहायची?" बाळू.

"टी-शर्ट न घालता लिहिलीस तरी चालेल."

बाळूला हसू आलं, आणि मग तो जरा कामाचं बोलायला लागला. त्याच्याकडे पन्नास-साठ पोरं आहेत, फोन आहेत, रात्री जागायची सवय आहे. दाजींनी त्याला डंपरचं सुचवलं. राबिट टाकणारी गाडी दिसली की तारीख, वेळ, जागा आणि गाडीचा नंबर दिसेल असा फोटो, लांबूनच. भांडायचं नाही, अडवायचं नाही. आपल्या गल्लीतलं पावसाचं पाणी कुठल्या कांसात पडतं आणि तो कांस नदीला कुठे मिळतो, हे चालत जाऊन एकदा बघून यायचं. दाजी म्हणाले, नोकरीतल्या अर्ध्या लोकांनी हे कधी केलं नव्हतं.

मी विचारलं, मग झाडांचं काय? शुभाताई म्हणाल्या, लावा की, पण जुलैत, काठापासून मागे, आणि इथलीच, म्हणजे करंज, जांभूळ, उंबर, देशी बाभूळ. गुलमोहर नको. आणि जी झाडी तुम्हाला माजलेली वाटते ती आधी मला दाखवा. गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, असेल तर तोही अंडी फुटल्यावर काढू, जूनच्या आत नाही.

"अंडी फुटली हे तुम्हाला कसं कळतं?" मन्याने विचारलं. भिंत मागणाराच हा प्रश्न विचारतोय म्हणून मी त्याच्याकडे बघितलं, पण तो खरंच विचारत होता.

"पिल्लं आतूनच आवाज करतात. तो ऐकून आई माती उकरते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून पाण्यात सोडते."

"तोंडात?"

"त्याच तोंडात."

मन्या गप्प बसला. मग म्हणाला, भिंतीचं माझं मत बदललेलं नाही, पण कोतरात राबिट टाकणाऱ्यांविरुद्ध अर्ज करणार असाल तर पहिलं नाव माझं घाला, पाणी माझ्या घरात आलं होतं. वकील म्हणाले, नाव घालतो, पण अर्ज चांगल्या गुजरातीत लिहायला हवा, माझं अक्षर कोर्टातले कारकूनसुद्धा वाचत नाहीत. सगळे शुभाताईंकडे बघायला लागले. त्या म्हणाल्या, लिहीन, पण दाजींनी मला कोतरांचा नकाशा काढून द्यायचा, आणि तो चहाने नाही, कागदावर.

दाजींनी विचारलं, टी-शर्टाचे पैसे परत मिळणार आहेत का?