‘जेनेरिक द्या’ म्हटलं की झालं?

सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला: ‘डॉक्टर कमिशनसाठी कंपनीची महाग औषधं लिहितात. मेडिकलवाल्याला सांगा, याचं जेनेरिक द्या. तो कायद्याने बांधील आहे. दोन्हींत काडीचा फरक नाही, बिल 80 टक्के कमी!’ जेनेरिक म्हणजे तोच घटक असलेलं, पण मोठ्या ब्रँडचं नाव नसलेलं औषध. मी सतरा वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभा आहे, म्हणून लिहितो.

‘कायद्याने बांधील’ हे चक्क उलटं आहे. औषध नियम, 1945 मधला 65 वा नियम सांगतो की शेड्यूल एचचं, म्हणजे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायचं औषध, चिठ्ठीवर लिहिलंय तेच द्यायचं. घटक तोच असला तरी दुसरं नाही. डॉक्टरांनी घटकाचंच नाव लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तसं लिहिणं सक्तीचं केलं होतं, पण त्याच महिन्यात नियमाला स्थगिती आली.

‘काडीचा फरक नाही’ हे बहुतेक औषधांना लागू आहे, सगळ्यांना नाही. एक काका मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची साधी गोळी घेऊन आले, चिठ्ठीवर एसआर होती. नाव तेच, पण एसआर पोटात हळूहळू विरघळते. थायरॉइडची आणि फिट्सची गोळी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलूच नका.

80 टक्क्यांचं काय? जनऔषधी केंद्रात ते होऊ शकतं, तिथे छापील किंमतच कमी असते. आमच्यासारख्यांकडच्या जेनेरिकची गंमत निराळी. पाकिटावर 100 छापलेले, आम्हाला पडतं समजा 25 ला. तुम्हाला 60 ला देतो आणि वर उपकार केल्यासारखा चेहरा करतो. (हे लिहिल्यावर धंद्यातले मित्र बोलणार नाहीत, असो.)

आता कमिशन. सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. कंपन्यांकडून भेटवस्तू घ्यायला डॉक्टरांना 2009 पासून मनाई आहे; तरी संध्याकाळी दवाखान्याबाहेर बॅगा घेऊन बसलेले एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, काही कमी झालेले नाहीत. पण बिल फुगतं ते बऱ्याचदा ब्रँडने नाही, चिठ्ठीच्या लांबीने. साधा व्हायरल ताप, आणि चिठ्ठीवर पॅरासिटामॉल, अँटिबायोटिक, गॅसची गोळी, सर्दीची गोळी, कफ सिरप, मल्टिव्हिटॅमिन. यात पेशंटचाही हात असतो. नुसती पॅरासिटामॉल लिहिली तर ‘डॉक्टरांनी काहीच दिलं नाही’ म्हणत हीच माणसं पुढच्या दवाखान्यात जातात.

मागच्या आठवड्यात एक मावशी अशीच सहा औषधांची चिठ्ठी घेऊन आल्या आणि मेसेज दाखवून जेनेरिक मागू लागल्या. म्हटलं, मावशी, दवाखाना शेजारीच आहे, जाऊन एवढंच विचारा की यातलं काय नाही घेतलं तर चालेल. दहा मिनिटांनी परत आल्या. अँटिबायोटिक, सिरप आणि मल्टिव्हिटॅमिनवर डॉक्टरांच्याच निळ्या पेनाने काट मारली होती. बिल निम्म्याखाली आलं, एकही ब्रँड न बदलता.