'एसीत बसून' या दोन शब्दांना उत्तर

कोल्हापुरातल्या जून २०२३ च्या हिंदू-मुस्लिम तणावावर मी लिहिलेल्या मागच्या लेखावर 'एक कोल्हापूरकर' या नावाने आलेली प्रतिक्रिया मी तीन दिवस तशीच ठेवली होती. राग निवला की लिहू म्हटलं. तो निवलेला नाही, तरी लिहिते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी: "मॅडम, तुमच्यासारखी माणसं एसीत बसून आमच्या कोल्हापूरला धर्मांधतेची सर्टिफिकेटं वाटतात. शाहूंच्या गावात जे झालं ते बाहेरच्यांनी येऊन केलं, त्यात संशोधन कसलं करायचं? ज्यांच्या मुलाखती घेता त्यांना तरी तुमचं लिहिलेलं कधी वाचायला मिळतं का? आणि बंदची तारीखही चुकवलीय."

तारखेचं आधी. बरोबर आहे तुमचं. बंद ७ जून २०२३ ला होता, मी ६ लिहिलं. ६ तारखेला मोबाइलवरच्या स्टेटसवरून वाद पेटला आणि दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर असं सगळं झालं. लेखात दुरुस्ती केली आहे. मनापासून आभार.

आता एसी.

माझे वडील शिवाजी उद्यमनगरात लेथवर टर्नर होते. मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत पंखाही एकच होता आणि तो त्यांच्या पाळीप्रमाणे फिरायचा. एम.फिल.साठी मी 'पेठांमधल्या तालमी आणि शेजार' हा विषय घेतला तेव्हा त्या वेळच्या माझ्या कॉलेजातल्या एका वरिष्ठांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत सांगितलं, "बाईमाणसाने तालमीत काय शोधायचं? बचत गट घ्या, लवकर होईल." मी विषय बदलला नाही. आखाड्यात बाईने पाय ठेवायचा नाही, म्हणून दोन उन्हाळे बाहेरच्या कट्ट्यावर उभी राहून म्हाताऱ्या वस्तादांशी बोलले. लोक आधी विचारायचे, रेशनकार्डाचं आहे का? मग विचारायचे, कुठल्या पक्षाचं? तिसऱ्या खेपेला चहा मिळायचा आणि चौथ्या खेपेला खरं उत्तर. हे तुम्हाला एसी वाटत असेल तर आपण दोघं वेगळ्या कोल्हापुरात राहतो.

आणि हे फक्त माझं म्हणून सांगत नाही. या शहराला घरोघर जाऊन विचारण्याची परंपरा आहे, ती तुम्हाला ठाऊक दिसत नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेने कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी केली होती. अर्थतज्ज्ञ ना. वि. सोवनींनी ती तीन खंडांत मांडली, पहिला खंड १९४८ चा. लोकसंख्या, उद्योगधंदे, कुटुंबं कशी जगतात, हे सगळं त्यात आहे. ते खंड पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा मी ग्रंथालयात बराच वेळ नुसती पानं उलटत बसले होते. आपल्या गावाला कुणीतरी इतक्या आस्थेने विचारलं होतं, याचंच मला भरून आलं. त्या पाहणीसाठी उन्हातान्हात फिरलेल्यांनाही तुम्ही हेच ऐकवलं असतंत का?

'सर्टिफिकेटं' हा शब्दही मला बोचला. मी कुठे म्हटलं की कोल्हापूर धर्मांध आहे? पुन्हा वाचा तो लेख. मी एक प्रश्न विचारला होता, तो पुन्हा मांडते. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींच्या नोंदी वर्तमानपत्रांतून गोळा केल्या. दंगलींतल्या मृत्यूंपैकी खेड्यांतले चार टक्क्यांहूनही कमी निघाले आणि निम्म्याच्या जवळपास मृत्यू अवघ्या आठ शहरांतले. मग त्यांनी शहरांच्या जोड्या लावल्या. अलीगढ पेटतं, कालिकत पेटत नाही, असं का? त्यांचं उत्तर असं की शेजारी शिरखुर्मा देतात, दिवाळीचा फराळ जातो, हे खेड्यात पुरतं. शहर मोठं झालं की ते पुरत नाही. तिथे दोन्हीकडची माणसं एकाच संघटनेत लागतात: कामगार संघ, व्यापारी मंडळ, क्लब. अफवा आली की तिथली माणसं एकमेकांना ओळखत असतात, फोन करतात, पोरांना घरी धाडतात.

हे वाचताना मला आमच्या तालमी आठवल्या, म्हणजे कुस्तीचे आखाडे आणि त्यांची पेठेतली सभासद मंडळं. कोल्हापुरात एकाच तालमीत गणपतीही बसतो आणि मोहरमला पंजेही बसतात. मोहरमच्या खत्तलरात्रीला मी आजीचं बोट धरून गेले आहे. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे, हे आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. पण माझा प्रश्न दारावरच्या गणपतीबद्दल नाही. तालमीच्या सभासद वहीत आज नावं कुणाची आहेत? तीस वर्षांपूर्वी कुणाची होती? पंजे उचलणारी पोरं आणि गणपतीची वर्गणी मागणारी पोरं अजून तीच आहेत का? एवढंच विचारते आहे. यात सर्टिफिकेट कुठे आलं?

बाहेरच्यांबद्दल. बाहेरचा म्हणजे कुठला, ते एकदा सांगा. इथे १९७२ साली महापालिका झाली आणि त्यानंतर कित्येक दशकं हद्द तेवढीच राहिली. हद्दवाढीवर मोर्चे निघाले, गावं बंद राहिली. हद्दीला लागून असलेल्या उचगाव, पाचगाव, कळंब्याचा पोरगा राजारामपुरीत नोकरी करतो, महाद्वार रोडला कपडे घेतो, रंकाळ्यावर भेळ खातो. तो कागदावर बाहेरचा. दगड हातात आला की बाहेरचा आणि दुकानात गिऱ्हाईक म्हणून आला की आपला?

७ जूनला इंटरनेट बंद झालं तेव्हा मी मुलाखतींची जुनी वही काढली आणि तिच्यातल्या नंबरांवर एकेक करून फोन लावले. एका शिंप्यांनी उचलला. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे. अगदी हळू आवाजात म्हणाले, "आम्ही आत हाय. शेजारणीनं भायेरनं कुलूप घातलंय, घर बंद वाटावं म्हणून. तू काळजी करू नको पोरी." त्या शेजारणीला मी ओळखते. तिचा थोरला मुलगा त्याच वेळी शिवाजी चौकातल्या गर्दीत होता, हे तिनेच मला नंतर रडत सांगितलं. आई कुलूप घालते आणि मुलगा चौकात जातो, एकाच उंबऱ्यातून. हे कसं घडलं ते मला समजून घ्यायचं आहे. 'बाहेरच्यांनी केलं' म्हटलं की ती बाई आणि तिचा मुलगा दोघंही दिसेनासे होतात.

शाहू महाराजांचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून सांगते. त्यांनी नुसता 'सगळे एक आहेत' असा उपदेश केला नाही. २६ जुलै १९०२ चा राखीव जागांचा हुकूम काढला, एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंगही. कोण मागे राहिलंय, कुणाची पोरं शिकत नाहीत, हे पाहिल्याशिवाय हे होत नाही. त्यांचं नाव 'इथे काही विचारू नका' म्हणण्यासाठी वापरणं मला सहन होत नाही. आणि याच गावात १९४८ साली गांधीहत्येनंतर ब्राह्मणांची घरं जळाली, भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. याच गावात १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. मी त्यांची व्याख्यानं पहिल्या रांगेत बसून ऐकली आहेत. त्या आठवड्यात शहरात फिरताना मला कुणीही 'बाहेरच्यांनी केलं' एवढ्यावर समाधानी दिसलं नाही. तुम्ही त्या वेळी कुठे होता, हे विचारायचा मोह मी आवरते.

मुलाखती देणाऱ्यांना वाचायला मिळतं का? प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात असतात, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर कितीतरी खुले आहेत. कुणी कुणाला अडवलेलं नाही. यावर आत्ता एवढंच.

शेवटी एक. टीका करा, पण नावानिशी करा. मी माझ्या नावाने लिहिते, पेठेत मला सगळे ओळखतात, भाजी घ्यायला त्याच रस्त्याने जाते. तुम्ही खरोखर पेठेतले असाल तर माझं एक काम करा. १९९० पासूनच्या सभासद वह्या मी पाच तालमींकडे मागितल्या. दोघांनी पुरात भिजल्या म्हणून सांगितलं, दोघांनी नंतर या म्हटलं, एकाने दारातूनच परत पाठवलं. तुमच्या तालमीची वही मला तासभर बघायला मिळवून द्या. फोटो काढणार नाही, कुणाचं नाव छापणार नाही, तुम्ही समोर बसा. सकाळी साडेनऊपर्यंत मी घरीच असते.