लंडनहून एका दिवसात कॉट्सवोल्ड्स: पाच गावांपेक्षा दोन गावे का बरी

उन्हाळा जवळ आला की भारतातून लंडनला येणारे नातलग आणि मित्र मला हमखास विचारतात, की एक दिवस मोकळा आहे, तर कॉट्सवोल्ड्सची, म्हणजे लंडनच्या पश्चिमेकडील टेकड्यांच्या आणि जुन्या दगडी गावांच्या प्रदेशाची, कोणती सहल घ्यावी? सोबत दोन-तीन सहलींचे तपशील पाठवलेले असतात आणि बहुतेकांचे मन आधीच ठरलेले असते: तेवढ्याच पैशांत जी सहल सर्वांत जास्त गावे दाखवील, ती. मी लंडनमध्ये राहते, या भागात पुन्हा पुन्हा जाते आणि तिथल्या गावांवर माझा मनापासून जीव आहे, म्हणून माझे मत स्पष्टपणे मांडते. लहान गटाची सहल जरूर घ्यावी, पन्नास जणांच्या बसने जाऊ नये; परंतु लहान गटातून जाऊनही पाच गावांना धावत्या भेटी द्यायच्या असतील, तर त्यासाठी मोजलेले जास्तीचे पैसे वाया गेले असेच मी म्हणेन. दोन गावे आणि बाजारपेठेचे एखादे छोटे शहर, याहून अधिक काही एका दिवसात नीट पाहून होत नाही.

आधी दिवसाचा हिशेब पाहू. लंडन ते कॉट्सवोल्ड्समधले बर्फर्ड हे छोटे शहर, हे अंतर साधारण १२० किलोमीटर आहे. सकाळच्या गर्दीतून शहराबाहेर पडण्यातच बराच वेळ जातो, त्यामुळे जायला दोन तास आणि संध्याकाळी परतायला दोन तास किंवा थोडे अधिक धरावेच लागतात. सहल नऊ-दहा तासांची असेल, तर हाती पाच-साडेपाच तास उरतात. त्यांत पाच गावे बसवायची म्हटली, की गावागावांमधला प्रवास आणि जेवण वजा जाता प्रत्येक ठिकाणी अर्ध्या तासाच्या आसपासच वेळ मिळतो, आणि त्यातलीही पहिली काही मिनिटे स्वच्छतागृह शोधण्यात व शेवटची काही मिनिटे गाडी सुटेल या धास्तीत जातात. शिवाय साडेचार तास गाडी चालवल्यानंतर चालकाने पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती घेणे कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे वाटेत कुठे उशीर झालाच, तर तो चालकाने भरून काढावा अशी अपेक्षा करता येत नाही. कापला जातो तो शेवटच्या गावातला वेळ.

वेळ मिळाला तर काय हाती लागते, हे सांगण्यासाठी बर्फर्डचेच उदाहरण घेते. तिथला मुख्य रस्ता उतरत उतरत विंडरश नदीवरील जुन्या पुलापर्यंत जातो, दुतर्फा दुकाने आहेत, आणि घाईत असलेला माणूस त्या रस्त्याने खाली जाऊन, दोन छायाचित्रे काढून परत येतो. पण उताराच्या पायथ्याशी, रस्त्यापासून जरा आत, सेंट जॉन द बॅप्टिस्ट यांच्या नावाचे चर्च आहे. थकलेला पगार मिळावा आणि सामान्य माणसालाही राज्यकारभारात आवाज असावा, अशी मागणी करणाऱ्या लेव्हलर्स या बंडखोर सैनिकांना संसदेच्या सैन्याचा सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल याने मे १६४९ मध्ये पकडून या चर्चमध्ये कोंडले होते. त्यांपैकी तिघांना १७ मे रोजी चर्चच्या आवारात गोळ्या घालण्यात आल्या. आत कोंडलेल्या अँथनी सेडली नावाच्या एका सैनिकाने बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या शिशाच्या अस्तरावर आपले नाव, १६४९ हे साल आणि आपण कैदी आहोत, एवढेच कोरून ठेवले. जवळ जाऊन वाकून पाहिले, की ती अक्षरे आजही वाचता येतात. आपले पुढे काय होणार हे ठाऊक नसताना एका साध्या सैनिकाने ही अक्षरे कोरली, हा विचार मनात घेऊन तिथे दहा मिनिटे शांतपणे उभे राहता आले पाहिजे. बारा-पंधरा जणांच्या गटाला हे जमते, मार्गदर्शकही हलक्या आवाजात सगळे सांगू शकतो. पन्नास जण त्या कुंडाभोवती उभेच राहू शकत नाहीत, आणि अर्ध्या तासाच्या भेटीत तर चर्चच्या दारापर्यंतही फारसे कोणी पोहोचत नाही.

ही गावे अशी का दिसतात, हे समजून घ्यायलाही वेळ लागतो. ते समजले नाही, तर तिसऱ्या गावात पोहोचेपर्यंत सगळी सारखीच वाटू लागतात, अशी तक्रार मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. या सगळ्या भागाखाली ज्युरासिक काळातील चुनखडीचा दगड आहे. तुटलेल्या कडेकडे निरखून पाहिले, तर तो खसखशीसारख्या बारीक गोल दाण्यांचा बनलेला दिसतो. त्यातल्या लोहामुळे उत्तरेकडच्या गावांच्या भिंतींना मधाचा रंग येतो, तर दक्षिणेला बाथच्या दिशेने जाऊ लागले की तोच दगड फिकट होत जातो. भिंती त्याच दगडाच्या, छपरावरच्या पातळ फरश्या त्याच दगडाच्या आणि शेतांचे कोरडे, चुना-मातीशिवाय रचलेले बांधही त्याच दगडाचे. छपराकडे पाहताना एक गोष्ट मुद्दाम पाहावी: खालच्या कडेला मोठ्या फरश्या आणि वर आढ्याकडे जाताना त्या क्रमाने लहान होत गेलेल्या असतात. ही रचना एकदा डोळ्यांना दिसली, की पुढे प्रत्येक घरापाशी पाऊल थबकते.

या दगडावर पैसा चढला तो लोकरीचा. मध्ययुगात इथल्या मेंढ्यांच्या लोकरीला युरोपभर मागणी होती, आणि त्या व्यापारात गब्बर झालेल्या लोकांनी आपापल्या गावांत मोठमोठी चर्च बांधली. इथल्याच नॉर्थलीच गावाच्या चर्चमध्ये अशा व्यापाऱ्यांच्या स्मृतीसाठी जमिनीत बसवलेले पितळी पत्रे आहेत, आणि त्यांवर कोरलेल्या आकृत्यांच्या पायांशी मेंढी किंवा लोकरीचे गठ्ठे दाखवले आहेत. लंडनमध्ये संसद पाहून आलेल्यांनी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सभापतींचे लाल आसन पाहिले असेल. ते लोकर भरलेले आसन देशाची संपत्ती त्या काळी कशावर उभी होती याचीच आठवण आहे. पुढे कोळसा आणि वाफेवरची यंत्रे आली, कापडाचा धंदा उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरसारख्या भागांकडे सरकला आणि इथला पैसा आटला. जुनी घरे पाडून नवी बांधण्याची ऐपतच फारशी कोणाकडे उरली नाही, म्हणून ती टिकली. १९६६ साली या प्रदेशाला संरक्षण मिळाले. ते क्षेत्र आज दोन हजार चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आहे, आणि एवढा मोठा प्रदेश एका दिवसात 'करून' येऊ, ही कल्पनाच सोडून द्यावी.

आता गाडीच्या आकाराविषयी. लहान गट म्हणजे बसायला ऐसपैस जागा आणि मार्गदर्शकाशी बोलण्याची सोय, एवढाच विचार आपण करतो. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो गावाचा विचार. बायबरी हे जेमतेम काहीशे वस्तीचे गाव आहे. कोल्न नदीच्या काठी आर्लिंग्टन रो नावाची घरांची जी ओळ आहे, ती चौदाव्या शतकात लोकरीचे कोठार म्हणून बांधली गेली आणि सतराव्या शतकात तिची विणकरांची घरे झाली. समोरच्या ओलसर कुरणात धुतलेली लोकर चौकटींवर वाळत घालत. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी या गावाचे तोंड भरून कौतुक केले होते, आणि आता जगभरातून माणसे ती एक ओळ पाहायला येतात. अरुंद रस्त्यावर मोठ्या बस एकीमागे एक उभ्या राहू लागल्या, माणसे रस्त्यात उतरू लागली, रहिवाशांना स्वतःच्या घरातून गाडी बाहेर काढणे मुश्कील झाले. अखेर २०२५ साली गावाच्या मध्यभागी मोठ्या बस थांबवण्याची जागा काढून टाकण्याचा प्रयोग तिथल्या प्रशासनाने सुरू केला. मला हा निर्णय पूर्णपणे योग्य वाटतो. ज्या गावात आपण पाहुणे म्हणून जातो, तिथल्या लोकांना रोजचे जगणे नकोसे व्हावे, इतका कोणाच्याही छायाचित्राला अधिकार नाही.

त्या ओळीतील घरांत माणसे राहतात, हे आपल्याकडच्या मंडळींना मी आवर्जून सांगते. खिडकीला नाक लावून आत डोकावणे, फाटकातून बागेत शिरणे, उंबऱ्यावर बसून छायाचित्र काढणे, लहान मुलांना दगडी बांधांवर चढवणे, यांतले काहीही करू नये. कोरडे बांध केवळ दगडांच्या वजनावर आणि रचणाऱ्याच्या कसबावर उभे असतात, त्यामुळे वरचा एक दगड निखळला तरी खालची रचना सैल होते. गट लहान असेल तर मार्गदर्शक हे प्रत्येकाला गाडीतच सांगू शकतो. ज्या सहलीत तो हे सांगत नाही, ती कितीही लहान गटाची असो, मला चांगली वाटत नाही.

माझ्या मते दिवसातला सर्वांत मोलाचा तास चालण्याचा असतो, आणि बहुतेक सहलींत नेमका तोच नसतो. बोर्टन-ऑन-द-वॉटर हे गाव विंडरशवरील बुटक्या दगडी पुलांसाठी प्रसिद्ध आहे आणि दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. तिथून लोअर स्लॉटर या शेजारच्या गावापर्यंत जाणारी पायवाट साधारण दीड मैलाची आहे. गाव मागे पडले की काही मिनिटांतच गलका थांबतो, दोन्ही बाजूंना कुरणे लागतात, आणि शेवटी आय नदीच्या काठची जुनी गिरणी दिसते. चांगला मार्गदर्शक गटाला बोर्टनमध्ये सोडतो आणि गाडी पुढे नेऊन लोअर स्लॉटरला थांबतो. ज्यांना चालवत नाही ते गाडीतून येतात. ही सोय लहान गाडीतच शक्य असते. इंग्लंडमध्ये खाजगी शेतांमधूनही सार्वजनिक पायवाटा जातात आणि त्यांवरून चालण्याचा हक्क कायद्याने सर्वांना आहे; पिवळा बाण म्हणजे पायी चालणाऱ्यांची वाट, निळा बाण म्हणजे घोडेस्वारांनाही मोकळी असलेली वाट. उघडलेले फाटक आपल्या मागे बंद करायचे, वाट सोडून पिकात शिरायचे नाही, आणि वसंतात कोकरांजवळ जायचे नाही, एवढे पाळले म्हणजे पुरे. आपल्याकडे शेताच्या बांधावरून जाताना आपण जी काळजी घेतो, तीच इथेही घ्यायची आहे.

सोबत आई-वडील किंवा सासू-सासरे असतील, तर कमी गावांची सहल आणखीच महत्त्वाची ठरते. दर अर्ध्या तासाने गाडीत चढणे-उतरणे गुडघ्यांना सोसत नाही, आणि घाई झाली की वयस्क माणसे "तुम्ही जा, आम्ही इथेच बसतो" म्हणून गाडीतच थांबतात. त्यांच्यासाठी केलेला दिवस मग खिडकीतूनच संपतो. एका ठिकाणी दीड तास मिळाला, तर तीच माणसे नदीकाठच्या बाकावर बसतात, सावकाश चहा आणि स्कोन (चहासोबतचा छोटा गोडसर पाव) घेतात, चर्चमध्ये डोकावतात आणि परतल्यावर दिवसभर पाहिलेले सगळे नीट सांगू शकतात.

म्हणून सहल ठरवण्यापूर्वी कंपनीला थेट विचारावे, की गाडीत जास्तीत जास्त किती जण असतील, प्रत्येक ठिकाणी गाडीबाहेर नेमका किती वेळ मिळेल, चालण्याचा भाग आहे का आणि जेवणासाठी थांबणार कुठे. उत्तर गोलमोल आले, तर दुसरी सहल पाहावी. गावातल्या अनेक पबमध्ये दुपारचे जेवण अडीचच्या सुमारास बंद होते, तेव्हा जेवणाची वेळही विचारून घ्यावी, आणि शाकाहारी असाल तर आधी कळवावे. महिनाही पाहावा. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, पण डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत अंधारच पडलेला असतो. एकाच दिवसात ऑक्सफर्ड, बाथ किंवा स्टोनहेंज जोडून विकल्या जाणाऱ्या सहली कॉट्सवोल्ड्स पाहण्यासाठी घेऊच नयेत. ती ठिकाणे स्वतंत्र दिवसाच्या योग्यतेची आहेत.

ज्यांना चालायला आणि वेळापत्रक पाहायला कंटाळा नाही, त्यांच्यासाठी रेल्वेचाही मार्ग आहे. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून कॉट्सवोल्ड्समधल्या मोरटन-इन-मार्श या छोट्या शहराला थेट गाडी जाते आणि साधारण पावणेदोन तासांच्या आत पोहोचवते. मंगळवार असेल तर तिथल्या रस्त्यावर आठवडी बाजार भरलेला असतो. तिथून स्थानिक बसने स्टो-ऑन-द-वोल्ड आणि बोर्टन गाठता येते. स्टोमध्ये चौकात उघडणारे बोळ इतके अरुंद आहेत की त्यांतून मेंढ्या एकामागून एक, मोजता येतील अशा बेताने बाजारात आणत. ही सोय आठवड्यातल्या कामाच्या दिवशी चांगली चालते. रविवारी मात्र स्थानिक बस फारच कमी असतात, तेव्हा रविवारच हाताशी असेल, तर लहान गटाची, दोन-तीन ठिकाणांची सहलच घ्यावी.