कालव्याकडेचा मुरूम बेस्ट

लेखात ग्रॅव्हलसाठी, म्हणजे कच्च्या खडी-मुरमाच्या रस्त्यांवर फिरायला, महागडी सायकल लागतेच असं लिहिलंय ते काय पटलं नाही बुवा. आम्ही नीरा डाव्या कालव्याच्या कडेने बारामतीकडे जातो, साधी हायब्रिड (रोड बाईक आणि माउंटन बाईकच्या मधली सायकल), ४० एमएम रुंदीचे टायर, हवा जरा कमी, बास. कालव्याला उतार अगदी नावापुरता असतो त्यामुळे कडेच्या मुरमाच्या रस्त्यालाही चढ जवळपास नाहीच, एका बाजूला पाणी दुसरीकडे ऊस आणि ट्रॅफिक म्हणाल तर दुधाच्या किटल्या लावलेली एखादी बाईक. फक्त बाभळीचे काटे बघा हं, मागच्या खेपेला एकाच चाकात तीन निघाले आणि चौथा घरी आल्यावर सापडला 😅 कारखाने चालू झाले की मात्र डबल ट्रॉलीवाले ट्रॅक्टर असतात, तेव्हा सकाळी लवकर उरका.