चाळिशी झाली म्हणून गर्भाशय काढायचे नसते

दिवाळी आटोपून ऊसतोडीच्या टोळ्या गावाबाहेर पडत होत्या, त्याच आठवड्यात आमच्या बचत गटातल्या बायकांच्या मोबाईलवर एक संदेश फिरू लागला. माझ्याकडे तो तीन जणींकडून आला. तिसरी माझी धाकटी जाऊ होती आणि तिने संदेशाखाली एवढेच लिहिले होते, "ताई, हे खरं आहे का? मीपण करून घेऊ का?" तिचे वय एकोणचाळीस आहे. मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका गावात राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मी डॉक्टर नाही. परंतु पाच वर्षांपूर्वी हाच सल्ला मलाही मिळाला होता, आणि तेव्हा जे वाचावे लागले, ज्यांना विचारावे लागले, त्याच्या आधारावर मी तिला उत्तर दिले. तेच इथे सविस्तर लिहिते.

संदेशातला दावा थोडक्यात असा आहे. मुले झाली आणि चाळिशी आली की गर्भपिशवीला काही काम उरत नाही. ती तशीच ठेवली तर पुढे कॅन्सर होतो, आणि अंगावरून पांढरे जाणे, पिशवीला सूज किंवा गाठ असणे ही त्याचीच सुरुवात असते. औषधांनी तात्पुरते बरे वाटते, पण शेवटी पिशवी काढावीच लागते. ऑपरेशन सोपे असते, पंधरा दिवसांत बाई कामाला लागते आणि दर महिन्याची कटकट कायमची मिटते.

पिशवीला काही काम उरत नाही, या म्हणण्यात मुळात दोन अवयवांची गल्लत आहे. गर्भाशय वेगळे आणि त्याच्या दोन्ही बाजूंची अंडाशये वेगळी. हाडे, हृदय, झोप, त्वचा या सगळ्यांना सांभाळणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक अंडाशयात तयार होते, आणि त्यांचे हे काम शेवटचे मूल झाल्यावर थांबत नाही, पाळी जाईपर्यंत चालू राहते. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशये काढली तर पाळी जाण्याची अवस्था एका दिवसात अंगावर कोसळते, हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशये जागेवर ठेवून केवळ गर्भाशय काढले, तरी त्यांचा काही रक्तपुरवठा गर्भाशयाकडून येत असल्यामुळे काही जणींच्या बाबतीत ती लवकर थकतात.

आपल्याकडे मात्र सगळ्यालाच "पिशवी काढली" असे म्हणतात. माझ्या मावशीची शस्त्रक्रिया ती छत्तीस वर्षांची असताना झाली. रेशनकार्ड आणि सात-बाऱ्याच्या उताऱ्यांसोबत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेले तिचे डिस्चार्ज कार्ड मी अकरा वर्षांनी बाहेर काढून वाचले, तेव्हा त्यावर गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशये काढल्याची नोंद होती. मावशीला ते कोणी सांगितलेच नव्हते. थंडीत अंगातून एकदम वाफा निघतात, रात्र-रात्र झोप लागत नाही, याचे कारण ती इतकी वर्षे जागरण आणि चिंता यांत शोधत होती. ज्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे त्यांनी आपले कार्ड आजच शोधून वाचून घ्यावे, आणि अंडाशये काढलेली असतील तर ती गोष्ट पुढच्या प्रत्येक डॉक्टरला आवर्जून सांगावी.

कॅन्सरचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण बायका भितात त्या त्यालाच, आणि ती भीती निराधार नाही. आपल्या भागात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने बायका गेलेल्या आहेत. पण या रोगाचे कारण आता स्पष्ट झालेले आहे. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग अनेक वर्षे टिकून राहिला तर मुखाच्या पेशींत हळूहळू बदल होतात आणि त्यांतून कॅन्सर होतो. या प्रवासाला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात, त्यामुळे तपासणी केली तर हे बदल कॅन्सर होण्याआधीच सापडतात आणि तेवढ्याच भागावर छोटा उपचार करून थांबवता येतात. त्यासाठी निरोगी बाईचे गर्भाशय काढण्याची गरज नसते.

याचा जगाने मानलेला पुरावा आपल्याच मातीतून गेला आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय त्यात होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्या गटाची एचपीव्ही चाचणी एकदाच झाली, त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. व्हिनेगरसारखे द्रव्य लावून नुसत्या डोळ्यांनी केली जाणारी तपासणी आणि पॅप स्मिअर, म्हणजे मुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी, यांच्या एकाच फेरीने तेवढा फरक दिसला नाही, म्हणून त्या तपासण्या ठरावीक वर्षांनी पुन्हा कराव्या लागतात. ही व्हिनेगरची तपासणी, जिला व्हीआयए म्हणतात, सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी सांगितलेली आहे. तिला काही मिनिटे लागतात, भूल लागत नाही, आणि आपल्या आरोग्य केंद्रात ती कोणत्या दिवशी होते हे आशाताईंना विचारले तर त्या सांगतात. शिवाय पिशवी काढली तरी स्तनाचा कॅन्सर टळत नाही, अंडाशये शिल्लक असतील तर त्यांचाही टळत नाही, आणि शस्त्रक्रियेत गर्भाशयाचे मुख मागे ठेवलेले असेल तर मुखाची तपासणी पूर्वीसारखीच चालू ठेवावी लागते.

पांढरे जाणे आणि सूज या मुद्द्यावर थोडे थांबावे लागेल, कारण बायका इथेच अडकतात. थोडेसे पांढरे पाणी जाणे निसर्गाचाच भाग आहे. त्याला घाण वास, खाज, पिवळा-हिरवा रंग किंवा ओटीपोटात दुखणे याची जोड असेल तर बहुतेक वेळा तो संसर्ग असतो आणि आठ-पंधरा दिवसांच्या औषधांनी बरा होतो. काही संसर्गांत नवऱ्यालाही त्याच वेळी औषध घ्यावे लागते. ते न घेतल्यामुळे त्रास पुन्हा उलटतो आणि बाईला वाटते की आपला रोग औषधाला दाद देत नाही. दह्यासारखे पांढरे आणि खाज वारंवार होत असेल तर साखर तपासून घ्यावी, कारण मधुमेहाची पहिली खूण कधी कधी तीच असते.

आता सोनोग्राफीच्या कागदाविषयी. त्यावर "बल्की युटेरस" लिहिलेले असते आणि त्याचे "पिशवीला सूज" असे भाषांतर करून सांगितले जाते. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या बाईचे गर्भाशय थोडे मोठे असणे स्वाभाविक आहे. "नॅबोथियन सिस्ट" म्हणजे मुखावरच्या ग्रंथींत द्रव साठून झालेले निरुपद्रवी फोड. "पिशवीच्या तोंडाला जखम आहे" असे ज्याला म्हणतात ती बहुतेकदा जखम नसून आतल्या बाजूचे लालसर अस्तर बाहेर दिसत असते. अशा वेळी मुखाची तपासणी करून घ्यावी आणि ती चांगली आली तर निश्चिंत राहावे. फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढणाऱ्या, गाठी तर चाळिशीत फार सर्रास आढळतात. त्यांत कॅन्सर निघणे अत्यंत विरळा, आणि पाळी गेल्यावर त्या सहसा आपोआप आकसतात. गाठ आहे एवढेच कारण पुरेसे नसते. ती काय त्रास देते हे पाहावे लागते.

औषधांनी काही होत नाही, या विधानाला मी माझ्याच अनुभवाने उत्तर देते. चव्वेचाळिसाव्या वर्षी माझी पाळी नऊ-दहा दिवस चालू लागली, गाठी पडू लागल्या, फळ्यासमोर उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. जिल्ह्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली, तीन सेंटिमीटरची गाठ दिसली, आणि डॉक्टरांनी मला न तपासता, रक्ताचा एकही रिपोर्ट न मागता शुक्रवारी भरती व्हायला सांगितले. माझ्या यजमानांनी पैशांची जुळवाजुळवही सुरू केली. आमच्या सासूबाईंनी तेवढे विचारले की रक्त इतके गेलेले असताना ऑपरेशन सोसेल का. त्या प्रश्नामुळे आम्ही शुक्रवार टाळला आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो.

तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो दिवसाला किती पॅड लागतात याचा. मला सांगता येईना. त्यांनी घरच्या कॅलेंडरवर त्या-त्या तारखेच्या चौकोनात प्रत्येक पॅडमागे पेन्सिलीची एक रेघ आणि गाठ पडली तर टिंब करायला सांगितले. हिमोग्लोबिन ८.१ निघाले, ते किमान १२ असायला हवे. थायरॉइडची तपासणी केली, तर त्यात दोष सापडला, आणि थायरॉइड बिघडले तरी पाळी अशी वाहते हे मला तेव्हा कळले. चाळिशीपुढे रक्तस्राव बिघडला तर आतल्या अस्तराचा तुकडा तपासतात, तसा माझाही तपासला आणि तो निर्दोष आला. त्यानंतर थायरॉइडची गोळी, पाळीच्या जास्तीच्या दिवसांपुरती रक्तस्राव कमी करणारी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत घ्यावी, हे साधे सांगणेही मला त्याआधी कोणी सांगितलेले नव्हते. मी अनेक महिने ती सकाळच्या चहाबरोबरच गिळत होते. एवढ्याने स्राव पुरेसा थांबेना, तेव्हा कॉपर-टीसारखे दिसणारे, पण आतल्या आत थोडे थोडे संप्रेरक सोडणारे साधन बसवले. पहिले चार महिने अधूनमधून डाग पडत राहिले, त्याचा कंटाळा आला, हे मी लपवत नाही. पण सातव्या महिन्यात कॅलेंडरच्या पानावर सगळ्या मिळून पाच रेघा होत्या.

प्रत्येकीला हेच लागू पडेल असे नाही. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्यांना चालत नाही, संप्रेरकेही सगळ्यांना चालत नाहीत; म्हणून हे उपचार मेडिकलवरून परस्पर आणून घेण्याचे नाहीत. उपाय आहेत आणि ते क्रमाने करून पाहता येतात, एवढे मात्र निश्चित आहे.

पंधरा दिवसांत कामाला लागण्याचे आश्वासन मला सर्वांत क्रूर वाटते. पोटावरून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा ते आठ आठवडे जड उचलायचे नसते. दुर्बिणीतून केली तर दुखणे लवकर कमी होते, तरी आतले टाके भरायला वेळ लागतोच. आपल्याकडे पाण्याचा हंडा, दळण, गुरांचे शेण हे चौथ्या दिवशी समोर असते, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी असते. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि पाळीमुळे एक दिवस पडला तरी तो खाडा मांडून दंड कापला जातो. फडावर ना संडास, ना अंघोळीला आडोसा, त्यामुळे संसर्ग होतात आणि ते अंगावर काढले जातात. अशा बाईला कोणी सांगितले की एकदा काढून टाक म्हणजे खाडा नको, तर तिला ते पटते. तिच्या अडचणीचे ते उत्तर म्हणून तिच्यापुढे मांडले जाते.

२०१९ साली बीड जिल्ह्याची ही गोष्ट देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्या एकसारख्या नव्हत्या हे मान्य केले, तरी एवढी मोठी तफावत रोगाने होत नाही. त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश दिला. इतके सगळे घडून गेल्यावरही तोच सल्ला आता मोबाईलवरून घराघरांत पोहोचतो आहे.

गर्भाशय कधीच काढू नये असे मी म्हणत नाही. कॅन्सर किंवा अस्तरातले कॅन्सरपूर्व बदल, गर्भाशय खाली सरकून अंग फार बाहेर येणे, कशानेही न आटोक्यात येणारा रक्तस्राव, शेजारच्या अवयवांवर दाब देणारी मोठी गाठ, अशा वेळी ही शस्त्रक्रिया जीव वाचवते किंवा जगणे सुसह्य करते, आणि तेव्हा ती लांबवू नये. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, किंवा संबंधानंतर रक्त आले, तर एक आठवडाही घरी काढू नये. अशी तातडीची कारणे सोडली तर शुक्रवारी भरती व्हा असे सांगणाऱ्याला आजार काय आहे, दुसरा उपाय कोणता, अंडाशये ठेवणार का, हे विचारण्याइतका वेळ जवळजवळ नेहमी हातात असतो.

जावेला मी हे सारे एका दमात सांगितले नाही. तिचा त्रास विचारला, तर पाळी व्यवस्थित पाच दिवसांची होती. पांढरे जात होते आणि कंबर दुखत होती, तेवढ्यावर तिने दागिना मोडायचे मनात आणले होते. पुढच्या मंगळवारी आम्ही दोघी आरोग्य केंद्रात गेलो. व्हीआयए चांगली आली, संसर्गाची औषधे दोघा नवरा-बायकोला मिळाली, हिमोग्लोबिन मात्र ९.४ निघाले. भाऊजींनी आधी गोळ्या घ्यायला खळखळ केली, मग घेतल्या. तिच्या स्वयंपाकघरात आता चहाचे पातेले उतरल्यावर तासाभराने लिंबू चिरले जाते, आणि कॅलेंडरवर पहिल्या महिन्याच्या रेघा पडल्या आहेत.