लोदी गार्डन लोदींनी लावलंच नाही

दिल्लीची सहल ठरली की ग्रुपवर हमखास एक फॉरवर्ड येतो: 'लोदी गार्डन ही लोदी सुलतानांची पाचशे वर्षं जुनी शाही बाग. तिन्ही लोदी सुलतान इथेच दफन आहेत. इंग्रजांनी फक्त फाटक उघडून ती जनतेला दिली.'

आधी फाटकाचं बघू, कारण सगळ्यात मोठी थाप तीच आहे. घुमट जुने, हिरवळ नवी. इथे खैरपूर नावाचं गाव होतं. घुमटांना लागून घरं होती, माणसं राहत होती. इंग्रजांनी ते गाव उठवलं, जागा मोकळी केली, झाडं लावली आणि ९ एप्रिल १९३६ रोजी बाग सुरू केली. नाव दिलं व्हाइसरॉयच्या बायकोचं: लेडी विलिंग्डन पार्क. प्रवेशद्वारावरच्या दगडात ते अजून वाचता येतं. 'लोदी' हे नाव आलं स्वातंत्र्यानंतर. पुढे १९६८मध्ये जोसेफ स्टाइन आणि गॅरेट एक्बो यांनी बागेची आखणी नव्याने केली. म्हणजे आपण ज्या बागेत सेल्फी काढतो तिचं वय शंभरसुद्धा नाही.

सिकंदर लोदीच्या कबरीभोवती तटबंदी आहे आणि आत बाग होती, हे खरं. पण ती कबरीपुरती. सुलतानाने तिथे संध्याकाळी फेरफटका मारला असेल, ही कल्पना जरा गंमतीचीच, कारण ही वास्तू तो गेल्यावर, १५१७च्या सुमारास, मुलाने म्हणजे इब्राहिमने बांधली. शिवाय सिकंदरने दरबार आधीच आग्र्याला हलवला होता.

आता तिन्ही लोदी. इब्राहिमची कबर पानिपतला आहे. आपल्याला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं, पण १५२६ला बाबराशी लढताना इब्राहिम तिथेच पडला. बहलोलची म्हणून परंपरेने दाखवली जाते ती कबर चिराग दिल्लीत. राहिला एकटा सिकंदर.

उलट बागेतली दुसरी मोठी अष्टकोनी कबर आहे मुहम्मद शाहची. तो सय्यद घराण्यातला, लोदींच्या आधीचा. आठ खांबांचा अठपुला हा पूल तर अकबराच्या काळातला.

आणि फॉरवर्डसोबत 'लोदींची कबर' म्हणून जो फोटो येतो, तो असतो बागेतल्याच बडा गुंबद या वास्तूचा. त्याच्या आत एकही कबर नाही.